लघुउद्योगांचे विपणन (अहिल्यानगर जिल्हा)

लघुउद्योगांचे विपणन : लहान प्रमाणावर वस्तू तयार करणाऱ्या अथवा सेवा पुरविणाऱ्या उद्योजकाने ग्राहकाची गरज ओळखण्यापासून वस्तू त्याच्या हाती पडून तिची किंमत वसूल होईपर्यंत केलेल्या सर्व कार्यांना लघुउद्योगाचे विपणन असे म्हणतात. विक्री हा विपणनाचा केवळ एक भाग होय. कोणती वस्तू करावयाची, ती कोणासाठी, किती, कोणत्या आकारात व कोणत्या वेष्टनात, तिची किंमत काय ठेवावयाची, ती कोणत्या मार्गाने पाठवावयाची आणि उधारी किती व किती दिवसांची द्यावयाची, हे सर्व निर्णय विपणनाच्या कक्षेत येतात. अमेरिकन लेखक ई. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये या निर्णयांची उत्पादन, किंमत, वितरण व प्रसिद्धी अशी चतुर्विध मांडणी केली. ती मोठ्या कंपन्या नजरेसमोर ठेवून केलेली असली, तरी लहान उद्योजकासही उपयोगी पडते. मात्र लहान उद्योजकाच्या बाबतीत तिला वसुली या पाचव्या अंगाची जोड द्यावी लागते. कारण माल खपूनही पैसे वेळेवर न आल्यामुळे उद्योग बंद पडल्याची उदाहरणे सर्वत्र आढळतात.

मोठ्या कारखान्याला एखादे उत्पादन फसल्यास दुसऱ्यावर तोटा भरून काढता येतो. नव्या लघुउद्योजकाचे भांडवल बहुधा घरची बचत, सोने गहाण ठेवून वा जमीन तारण देऊन घेतलेले कर्ज अथवा बचत गटाचा निधी यांतून उभे राहिलेले असते. त्याच्या विपणनातील चुकीचा भार पर्यायाने कुटुंबावर पडतो. म्हणून यंत्रसामग्री घेण्यापूर्वी विपणनाचा विचार होणे अगत्याचे असते. प्रत्यक्षात हा क्रम पुष्कळदा उलटा असतो : आधी शेड, मग यंत्र, मग माल आणि शेवटी गिऱ्हाइकाचा शोध.

जिल्ह्याची बाजारपेठ : अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) हा क्षेत्रफळाने (सु. १७,००० चौ. किमी.) महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात १४ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती व तीपैकी सु. २० टक्केच लोक नागरी भागात राहत होते. म्हणजे स्थानिक ग्राहक प्रामुख्याने ग्रामीण आहे आणि त्याची क्रयशक्ती शेतीच्या उत्पन्नाशी बांधलेली आहे.

ही क्रयशक्ती जिल्हाभर सारखी नाही. प्रवरा, मुळा व गोदावरी यांच्या कालव्यांखालील कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर व नेवासे या तालुक्यांत ऊस, दूध, फळे व भाजीपाला यांचे उत्पन्न आहे; तेथे उसाच्या हप्त्यांच्या व दुधाच्या पगाराच्या वेळी बाजारात पैसा खेळतो. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर हे तालुके पर्जन्यछायेतील असून तेथे रब्बी ज्वारीचे पीक महत्त्वाचे आहे. पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येते आणि पावसाने दगा दिल्यास येतही नाही. पाथर्डी व लगतच्या भागातून पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. निघण्यापूर्वी मिळणाऱ्या उचलीमुळे तेथील बाजारात अल्पकाळ तेजी येते व पुढे काही महिने अनेक गावांतील गिऱ्हाईकच घटते. पश्चिमेकडील अकोले तालुका डोंगराळ, पावसाचा व मोठ्या प्रमाणावर आदिवासी वस्तीचा आहे. भंडारदरा परिसरात येणारे पर्यटक हा तेथील वेगळा ग्राहकवर्ग होय.

याखेरीज शिर्डी, शनिशिंगणापूर, सिद्धटेक, मोहटादेवी, मढी इ. तीर्थस्थानांमुळे जिल्ह्याबाहेरील ग्राहक स्वतःहून जिल्ह्यात येतो. शिर्डीजवळील काकडी येथील विमानतळ २०१७ मध्ये आणि नागपूर–शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा २०२२ मध्ये सुरू झाल्यावर ही वाहतूक अधिक सुकर झाली. नगर शहर पुण्यापासून सु. १२० किमी.वर असून दौंड–मनमाड लोहमार्गावर वसलेले आहे. त्यामुळे पुणे, नासिक व छत्रपती संभाजीनगर या मोठ्या बाजारपेठा तेथील उत्पादकाच्या आवाक्यात आहेत. पण याच कारणाने त्या शहरांतील मालही नगरच्या दुकानांत सहज येतो. नव्या उद्योजकाने स्पर्धक गावात न शोधता दुकानाच्या फळीवर शोधावा, असे म्हणतात ते यामुळेच.

पूर्वपीठिका : विपणन कोणाच्या हाती असते यावर उद्योगाचा लाभ कोणाकडे जातो हे ठरते, याची साक्ष जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात मिळते. एकोणिसाव्या शतकात नगर, भिंगार, संगमनेर इ. ठिकाणी हातमागावर साड्या विणण्याचा व्यवसाय मोठा होता. विणकर सूत व्यापाऱ्याकडून उधारीने घेई व तयार साडी बहुधा त्यालाच देई. परिणामी कच्च्या मालाचा भाव व पक्क्या मालाचा भाव हे दोन्ही एकाच व्यक्तीच्या हाती राहत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी नगर येथे सुधारित हातमाग तयार केला. परंतु मागाची सुधारणा हा प्रश्नाचा एक भाग होता. सूत कोठून आणावयाचे व साडी कोणाला विकावयाची, हा दुसरा भाग त्याने सुटण्यासारखा नव्हता.

संगमनेर, अकोले व नगर येथील विडी उद्योगातही हेच दिसून येते. तेंदूची पाने व तंबाखू कारखानदार अथवा त्याचा ठेकेदार पुरवितो, स्त्रिया घरी विड्या वळतात व मजुरी घेतात. विडीवरील छाप व ती विकणारे जाळे कारखानदाराचे असल्याने वळणारीचे कौशल्य कितीही असले, तरी तिचे उत्पन्न मजुरीपुरतेच राहते. याच्याशी श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेची तुलना उद्‌बोधक ठरते. मुंबईत गिरगाव येथे सात स्त्रियांनी ८० रु. उसने घेऊन १९५९ मध्ये ही संस्था सुरू केली. येथेही तयार पीठ केंद्रातून दिले जाते व स्त्रिया घरी पापड लाटतात. परंतु नाममुद्रेची मालकी सभासद स्त्रियांच्या संस्थेकडे आहे व नफ्यात त्यांचा वाटा असतो. कामाची पद्धत जवळजवळ सारखी असूनही बाजारपेठेवरील मालकी भिन्न असल्याने फळ भिन्न झाले.

उसाच्या बाबतीत हा धडा जिल्ह्यातच गिरविला गेला. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणारा शेतकरी गूळ करून अडत्याकडे पाठवीत असे आणि गुळाचे भाव कोसळले की कर्जबाजारी होत असे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने शेतकऱ्यांना एकत्र आणून लोणी येथे उभारलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०–५१ च्या हंगामात सुरू झाले. शेतकऱ्याचे नाशवंत उत्पादन टिकाऊ मालात रूपांतरित करून त्याची विक्री एकत्रितपणे करणे, हे या प्रयोगाचे विपणनाच्या दृष्टीने मर्म होय. दुधाच्या सहकारी संघांनीही जिल्ह्यात हाच मार्ग चोखाळला.

पुढे नगरजवळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत झाली. १९७२ मध्ये बाजारात आलेली ‘लूना’ ही मोपेड किनेटिक इंजिनिअरिंगच्या नगर येथील कारखान्यात तयार होई. अशा मोठ्या कारखान्यांमुळे सुटे भाग करणाऱ्या लहान कार्यशाळांना काम मिळते. अलीकडे पारनेर तालुक्यातील सुपे येथेही औद्योगिक वसाहत वाढली आहे. मोठ्या कारखान्याचा पूरक उद्योग म्हणून सुरुवात करणे सोपे असते. कारण तेथे जाहिरात लागत नाही व नमुना ग्राहकच देतो. मात्र सर्व विक्री एकाच ग्राहकाला होत असेल, तर त्याच्या मालाची मागणी घटताच पुरवठादाराचेही काम थांबते. म्हणून पूरक उद्योगाने पहिल्या दोन-तीन वर्षांतच दुसरा व तिसरा ग्राहक मिळवावा, असा सल्ला दिला जातो.

बाजारपेठेची पाहणी : लहान उद्योजकास खर्चिक सर्वेक्षणाची आवश्यकता नसते, पण पाहणी टाळता येत नाही. ती तीन पातळ्यांवर करावी. पहिली, दुकानदारांची : ज्या गावांत माल विकावयाचा तेथील १५-२० दुकानांत जाऊन त्या प्रकारच्या कोणत्या छापाच्या वस्तू आहेत, त्यांचे वजन, छापील किंमत व दुकानदारास मिळणारी सूट किती, महिन्याला किती नग जातात आणि माल परत घेतला जातो काय, हे लिहून काढावे. दुसरी, ग्राहकांची : ‘आवडेल का?’ या प्रश्नास बहुतेक माणसे भिडेखातर होकार देतात. म्हणून ‘सध्या काय घेता, कोठून, किती दिवसांनी व कितीला?’ असे विचारावे. तिसरी, प्रत्यक्ष विक्रीची : थोडा माल हाताने तयार करून आठवडे बाजारात पूर्ण किंमत घेऊन विकावा. फुकट वाटलेल्या नमुन्याची स्तुती होते; पैसे देऊन नेलेली वस्तू दुसऱ्यांदा मागितली गेली, तरच मागणी आहे असे समजावे. पहिल्या खरेदीपेक्षा पुनर्खरेदीची नोंद अधिक मोलाची असते.

पाहणी वर्षातील एकाच काळात करून भागत नाही. दिवाळीपूर्वी अथवा लग्नसराईत दिसणारी मागणी भाद्रपदात राहीलच असे नाही. वर सांगितलेले ऊस, ज्वारी व स्थलांतर यांचे चक्र ध्यानात घेऊन महिनावार विक्रीचा अंदाज करावा आणि मंदीच्या महिन्यांत हप्ता, भाडे व मजुरी कशी भागेल हे आधीच पाहावे.

उत्पादन व दर्जा : नवा उद्योजक बहुधा दुसऱ्याचे पाहून तीच वस्तू करू लागतो. एका गावात एका बचत गटाचे पापड खपले, की शेजारचे पाच गट पापडच करतात व सर्वांचाच भाव पडतो. वस्तू नवी असण्याची गरज नाही. पण ती घेण्यास काही निराळे कारण असावे लागते : ताजेपणा, ठरावीक चव, सोईचे लहान वजन, वेळेवर पुरवठा अथवा दुरुस्तीची हमी. स्थानिक विशेषाचा उपयोगही होतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी पारंपरिक वाणांच्या बियाण्यांचे जतन केले व त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बाएफ या संस्थेच्या साहाय्याने तेथे देशी बियाण्यांची बँक उभी राहिली. अशा बियाण्यास मागणी येते ती ते कोणी, कोठे व कसे राखले याविषयीच्या विश्वासामुळे. तथापि असा विश्वास दर खेपेस सारखा दर्जा राहिला तरच टिकतो. घटकांचे वजन-माप लिहून ठेवणे, प्रत्येक घाण्याची तारीख नोंदविणे व नमुना राखून ठेवणे या साध्या उपायांनी दर्जातील चढउतार बऱ्याच अंशी टळतात. खाद्यप्रक्रियेसंबंधीचे तांत्रिक मार्गदर्शन राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात (स्थापना १९६८) आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रांत मिळू शकते.

वेष्टन व नाममुद्रा : वेष्टन मालाचे रक्षण करते, तसेच विक्रेत्याच्या गैरहजेरीत मालाविषयी बोलते. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ व त्याखालील वेष्टित वस्तू नियम, २०११ यांनुसार उत्पादकाचे वा वेष्टनकाराचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, निव्वळ वजन वा माप, निर्मितीचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क ही माहिती वेष्टनावर छापावी लागते. खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी अथवा परवाना आवश्यक असून घटकद्रव्ये, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह इ. तपशील द्यावे लागतात. ही कागदपत्रे नसल्यास मोठी दुकाने माल ठेवून घेत नाहीत, म्हणून त्यांचा खर्च हा विपणनाचाच खर्च मानावा.

नाममुद्रा लहान, उच्चारण्यास सोपी व इतरांच्या नावाशी न मिळणारी असावी. देवदेवतांची, गावांची वा नद्यांची नावे अनेकजण वापरीत असल्याने त्यांवर एकट्याचा हक्क सिद्ध करणे कठीण जाते. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. वेष्टनाचे साचे व हजारो पिशव्या छापण्यापूर्वी त्या नावाची आधी नोंदणी झालेली नाही, याची खात्री करून घ्यावी.

किंमत : उत्पादनखर्चावर थोडा नफा चढवून किंमत ठरविण्याची पद्धत सोपी, पण फसवी आहे. तीत विक्रीचा खर्च विसरला जातो. उदाहरणार्थ, एक किलो मसाल्यास कच्चा माल १८० रु., वेष्टन १२ रु., स्वतःच्या श्रमासह मजुरी ४० रु. आणि इंधन, भाडे व यंत्राचा घसारा १८ रु. असा २५० रु. खर्च येतो, असे समजू. त्यावर २० टक्के चढवून उद्योजकाने किंमत ३०० रु. ठेवली. आता किरकोळ दुकानदारास छापील किमतीच्या १५ टक्के, घाऊक विक्रेत्यास ५ टक्के, वाहतुकीस ३ टक्के व खराब वा परत आलेल्या मालापोटी २ टक्के, असे एकूण २५ टक्के म्हणजे ७५ रु. गेले. हाती २२५ रु. आले, म्हणजे किलोमागे २५ रु. तोटा झाला. या उदाहरणात केवळ खर्च भरून निघण्यासाठीच किंमत सु. ३३४ रु. हवी आणि विक्रीवर १० टक्के नफा हवा असल्यास ती सु. ३८५ रु. ठेवावी लागेल. (येथे कराचा विचार केलेला नाही.) ३८५ रु. भावाने तो मसाला बाजारात चालणार नसेल, तर तीन मार्ग उरतात : मध्यस्थ टाळून थेट विकणे, खर्च कमी करणे अथवा ती वस्तूच न करणे. तिसरा निर्णय यंत्र घेण्यापूर्वी झाला, तर त्यात तोटा नसतो.

स्वतःचे व घरच्या माणसांचे श्रम हिशेबात न धरणे ही दुसरी नेहमीची चूक होय. अशाने माल स्वस्त विकता येतो व खपही वाढतो. पण खप वाढल्यावर मजूर लावावे लागले, की प्रत्येक नगावर तोटा होऊ लागतो. एकदा कमी ठेवलेली किंमत वाढविणे अवघड असते. म्हणून प्रारंभी किंमत योग्य ठेवून ठरावीक मुदतीची सवलत द्यावी, हे अधिक श्रेयस्कर.

वितरणमार्ग : जिल्ह्यातील लहान उत्पादकास उपलब्ध असलेले मार्ग पुढीलप्रमाणे होत. (१) आठवडे बाजार व जत्रा : येथे रोख पैसे मिळतात व ग्राहकाचे मत समजते. काष्टी व घोडेगाव येथील जनावरांच्या बाजारांना दूरवरून शेतकरी येतात. शेतीची अवजारे, दोर, पशुखाद्य यांसारख्या वस्तूंना ते अनुकूल आहेत. मढी व मोहटादेवी यांच्या यात्रांत विक्री थोड्या दिवसांत मोठी होते; पण उरलेल्या मालाचे काय करावयाचे हे आधी ठरवावे लागते. (२) तीर्थक्षेत्रे : शिर्डीत वर्षभर भाविक येत असतात. ते बहुधा पुन्हा लवकर येत नाहीत, म्हणून वस्तू टिकाऊ, प्रवासात नेण्याजोगी व स्पष्ट किंमत लिहिलेली असावी; वेष्टनावर पत्ता व दूरध्वनी असल्यास घरी गेल्यावरही मागणी येऊ शकते. (३) किराणा व इतर दुकाने : नियमित खप येथेच होतो. आरंभी अनेक गावांत थोडा थोडा माल पसरण्यापेक्षा एका मार्गावरील २५-३० दुकानांना ठरावीक वारी पुरवठा करणे अधिक किफायतशीर ठरते. वाहतुकीचा खर्च वाटला जातो व फळीवर माल संपून राहत नाही. (४) घाऊक विक्रेता वा वितरक : याच्यामुळे विस्तार होतो, परंतु सर्व जिल्ह्याचे एकाधिकार कोणालाही लिखित करार, मुदत व किमान विक्रीची अट यांवाचून देऊ नयेत. (५) प्रदर्शने : बचत गटांसाठी जिल्ह्यात भरविले जाणारे ‘साईज्योती’ व मुंबईतील ‘महालक्ष्मी सरस’ ही त्यांची उदाहरणे होत. प्रदर्शनातील रोख विक्रीपेक्षा तेथे भेटलेल्या व्यापाऱ्यांचे व ग्राहकांचे पत्ते टिपून पंधरवड्याच्या आत त्यांच्याशी संपर्क साधणे अधिक लाभदायक असते. (६) शासकीय खरेदी : केंद्र शासनाच्या २०१२ च्या धोरणानुसार, त्यात २०१८ मध्ये झालेल्या सुधारणेसह, केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावयाची असते, तीत ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या व ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. २०१६ पासून शासकीय ई-बाजारपेठेवर (जेम) नोंदणी करून निविदा भरता येतात. (७) महाजाल : भ्रमणध्वनीवरील संदेश व ऑनलाइन विक्रीमुळे दूरचा ग्राहक मिळतो, मात्र पाठवणीचा खर्च, मध्यस्थ संकेतस्थळाचे शुल्क व परत येणारा माल हे सर्व किमतीत धरावे लागतात. जड व स्वस्त वस्तूंना हा मार्ग सहसा परवडत नाही.

उधारी व वसुली : ग्रामीण बाजारात उधारी पूर्णपणे टाळता येत नाही, म्हणून तिची मर्यादा ठरवावी लागते. दरमहा ६०,००० रु. ची विक्री व सरासरी दीड महिन्याची उधारी असेल, तर कोणत्याही वेळी ९०,००० रु. बाजारात अडकलेले राहतात. विक्री दुप्पट झाली की अडकलेली रक्कमही दुप्पट, म्हणजे १,८०,००० रु. होते आणि खेळते भांडवल तितके नसल्यास भरभराटीच्या काळातच उद्योग अडचणीत येतो. प्रत्येक दुकानासाठी उधारीची कमाल रक्कम ठरवून, मागील माल चुकता झाल्यावरच पुढील माल देण्याची पद्धत प्रथमपासून पाळावी. ओळखीच्या व नात्यातील दुकानदारासही पावती द्यावी व तीवर सही घ्यावी. अशाने नातेही सुरक्षित राहते.

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ याने नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकास संरक्षण दिले आहे. खरेदीदाराने माल स्वीकारल्यानंतर करारातील मुदतीत, परंतु कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावयाचे असतात; करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते व सुकरता परिषदेकडे दाद मागता येते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने अशी थकलेली देणी प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदारास प्राप्तिकरासाठी खर्च म्हणून वजा करता येणार नाहीत, असे ठरविले. कायद्याचे हे बळ मोठ्या खरेदीदाराबाबत उपयोगी असले, तरी ग्राहक गमावण्याच्या भीतीने लहान पुरवठादार तक्रार करण्यास धजत नाही. या भीतीवरचा खरा उपाय म्हणजे ग्राहकांची संख्या वाढविणे हा होय.

प्रसिद्धी : चांगली वस्तूही आपोआप खपत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे १९०३ च्या सुमारास तयार केलेले पहिले लोखंडी नांगर विकण्यास सु. दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती प्रत्यक्ष वापराच्या अनुभवानेच दूर झाली. पुढे किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र ग्राहकांशी संबंध राखण्याचे साधन होते व त्यातून पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक उदयास आले. यावरून लहान उद्योजकास दोन गोष्टी शिकता येतात : नव्या वस्तूचे प्रात्यक्षिक जाहिरातीपेक्षा प्रभावी ठरते आणि जुन्या ग्राहकाशी राखलेला संबंध नव्या ग्राहकाच्या शोधापेक्षा स्वस्त पडतो.

भिंतीवरील रंगीत मजकूर, बाजाराच्या दिवशी फिरणारा ध्वनिक्षेपक, स्थानिक वृत्तपत्रे, आकाशवाणीचे नगर केंद्र आणि भ्रमणध्वनीवरील संदेश ही जिल्ह्यातील परिचित साधने आहेत. यांपैकी कोणतेही वापरताना ग्राहक कशामुळे आला हे विचारून नोंदवावे. अन्यथा कोणता खर्च वाया गेला ते कळत नाही. जाहिरातीत रोग बरा करण्याचा, ‘शंभर टक्के शुद्ध’ असल्याचा अथवा अन्य सिद्ध न करता येणारा दावा करू नये. तो कायद्याने अंगलट येऊ शकतो व विश्वासही घालवितो. तसेच माल दुकानात पोहोचण्यापूर्वी जाहिरात केल्यास मागणी निर्माण होऊन ती स्पर्धकाकडे जाते.

संस्थात्मक साहाय्य : लघुउद्योगांच्या अडचणींत विपणनाचे स्थान मोठे आहे, हे फोर्ड प्रतिष्ठानने पाठविलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ञमंडळाच्या १९५४ मधील अहवालाने दाखवून दिले, त्यानंतर १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग निगम स्थापन झाला. महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. १९७८ पासून प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा उद्योग केंद्रे निघाली. स्त्रियांच्या गटांसाठी महिला आर्थिक विकास महामंडळ (१९७५) व राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान (उमेद) काम करतात, तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र (१९८८) प्रशिक्षण देते. २०२० पासून ‘उद्यम’ ही उद्योगांच्या नोंदणीची पद्धती असून १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी रु. व वार्षिक उलाढाल १० कोटी रु. यांपर्यंतचा उद्योग सूक्ष्म, तर अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटी रुपयांपर्यंतचा लघू गणला जातो.

शासकीय योजनांचा भर बहुधा भांडवल, अनुदान व प्रशिक्षण यांवर असतो. अनुदानामुळे उद्योग सुरू करण्याची किंमत कमी होते, मागणी वाढत नाही. अनुदान मिळते म्हणून निवडलेला धंदा व मागणी आहे म्हणून निवडलेला धंदा यांत हाच मुख्य भेद आहे. प्रदर्शनांतील विक्रीवरच अवलंबून राहिलेले गट प्रदर्शने नसलेल्या महिन्यांत थंडावतात, हाही अनुभव आहे. एकत्रित खरेदी, समान दर्जा व सामाईक नाममुद्रा यांच्या आधारे काही गटांनी एकत्र येणे, हा त्यावरील एक मार्ग होय. सहकाराची दीर्घ परंपरा असलेल्या या जिल्ह्यास तो अपरिचित नाही. मात्र दर्जा राखण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपविल्यावाचून व हिशेब सर्वांना खुले ठेवल्यावाचून अशी एकी टिकत नाही.

थोडक्यात, जिल्ह्यात नव्याने उद्योग सुरू करणाऱ्याने मागणीची प्रत्यक्ष विक्रीने खात्री करावी, विक्रीचा सर्व खर्च धरून किंमत ठरवावी, एका मार्गावर पाय रोवून मग विस्तार करावा, नाममुद्रा स्वतःच्या हाती ठेवावी, एकाच ग्राहकावर वा एकाच हंगामावर विसंबू नये आणि उधारीची मर्यादा ओलांडू नये. यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठे भांडवल लागत नाही. नियमित नोंदी व चिकाटी मात्र लागते.